सूर्यप्रकाशाने पाणी शुद्ध होते का? बिस्मथ व्हॅनेडेट समजून घेऊ

पाणी शुद्ध की अशुद्ध, हे कोणी ठरवायचे आणि कशावरून? आपल्या समाजासाठी हा प्रश्न कधीच पुस्तकी नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यानंतर तिथल्या सनातनी मंडळींनी पंचगव्य ओतून ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. पाण्यात काय मिसळले आहे हे कोणी पाहिले नाही. पाणी कोणी घेतले, एवढेच पाहिले गेले. त्या तळ्याचा कायदेशीर निकाल उच्च न्यायालयातून लागायला १९३७ साल उजाडले.

आज पाण्याची शुद्धता मोजता येते. जंतू मोजता येतात, नायट्रेट मोजता येते, क्लोरीन मोजता येतो. त्यामुळे शुद्धतेची भाषा आता विज्ञानाची आहे, आणि ती आपल्याला यायला हवी. नाहीतर जुन्या काळी पंचगव्याने जी फसवणूक झाली, तीच आता ‘नॅनो’, ‘सोलर’, ‘फोटोकॅटॅलिस्ट’ अशा शब्दांनी होऊ शकते. हे शब्द खोटे नाहीत. त्यांच्यामागे खरे आणि महत्त्वाचे संशोधन आहे. पण संशोधनात काय सिद्ध झाले आहे आणि विकणारा काय सांगतो आहे, यातले अंतर ओळखता आले पाहिजे. त्यासाठी या लेखात एकच पदार्थ समजून घेऊ. त्याचे नाव बिस्मथ व्हॅनेडेट.

माझे शिक्षण समाजशास्त्राचे, काम वस्त्यांमधले. त्यामुळे हा विषय मी प्रयोगशाळेच्या नव्हे, तर डिंगोरे, ओतूर, मढ या पट्ट्यातल्या आपल्या मुलामुलींच्या बाजूने मांडते आहे. त्यातले काही जण बी.एस्सी. करतात, काही गावात राहून ग्रामसभेत प्रश्न विचारतात. दोघांच्याही उपयोगाचे यात काही आहे.

पिवळी पूड म्हणजे काय?

बिस्मथ व्हॅनेडेट ही झेंडूच्या पाकळीची आठवण करून देणारी पिवळीधमक पूड असते. तिच्या रचनेत एका बिस्मथच्या अणूमागे एक व्हॅनेडियमचा आणि चार ऑक्सिजनचे अणू असतात. बिस्मथ हा शिशाच्या शेजारचा जड धातू आहे, पण शिशासारखा घातक नाही. पोटाच्या काही औषधांत बिस्मथची संयुगे वापरतात.

ही पूड प्रयोगशाळेत येण्याआधीच रंगाच्या धंद्यात आली होती. पिवळ्या रंगासाठी पूर्वी लेड क्रोमेट सर्रास वापरत. त्यात शिसेही आहे आणि क्रोमियमही. भिंतीचा असा रंग निघू लागला की त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. रंग खरवडणाऱ्या कामगाराच्या छातीतही जाते. हे काम कोण करते आणि अशा खोल्यांत कोणाची मुले वाढतात, हे आपल्याला सांगायला नको. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. लेड क्रोमेटला जे पर्याय पुढे आले, त्यांतला एक म्हणजे बिस्मथ व्हॅनेडेट. हा पर्याय महाग आहे, पण शिसेमुक्त आहे.

प्रकाश काम कसे करतो?

आपल्या तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तिथे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. या लहरींची लांबी सुमारे वीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत असते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश हा त्याच कुटुंबातला आहे, पण त्याची लहर फारच आखूड, साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. लहर जितकी आखूड, तितकी प्रकाशाच्या एका कणात ऊर्जा जास्त. म्हणून तांबड्यापेक्षा निळा प्रकाश जोरकस, आणि निळ्यापेक्षा अतिनील म्हणजे अल्ट्राव्हायोलेट अधिक जोरकस.

आता पुडीच्या एका कणात काय होते ते पाहू. कणातले इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवर बसलेले असतात. वर एक रिकामी पायरी असते. दोन्ही पायऱ्यांच्या मध्ये इलेक्ट्रॉनला थांबायला जागा नसते. या मधल्या अंतराला बँड गॅप म्हणतात. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण आदळला तर इलेक्ट्रॉन उडी मारून वरच्या पायरीवर जातो आणि खाली त्याची जागा मोकळी राहते. त्या मोकळ्या जागेला ‘होल’ किंवा पोकळी म्हणतात. ही पोकळी इलेक्ट्रॉनची भुकेली असते. शेजारी रंगाचा, कीटकनाशकाचा किंवा जंतूच्या आवरणाचा रेणू आला तर ती त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि तो रेणू मोडतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनकडे किंवा दुसऱ्या एखाद्या रेणूकडे जातो. या सगळ्यात पूड स्वतः संपत नाही. तिच्यामुळे क्रिया घडते, म्हणून ती उत्प्रेरक; आणि क्रिया प्रकाशाने घडते, म्हणून प्रकाश-उत्प्रेरक.

या शास्त्राला खरी गती १९७२ साली मिळाली. जपानचे अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्यातून ऑक्सिजन आणि हायड्रोजन वेगळे करता येतात, हे दाखवले. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातला पांढरा पदार्थ. तो स्वस्त आहे, टिकाऊ आहे. पण त्याच्या दोन पायऱ्यांमधले अंतर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. एवढी उडी फक्त अतिनील प्रकाशानेच मारता येते. आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनीलचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. बाकीचे ऊन या पांढऱ्या पुडीसाठी वायाच जाते.

बिस्मथ व्हॅनेडेटमध्ये हे अंतर सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येते. बिस्मथमुळे खालची पायरी थोडी वर सरकते, त्यामुळे उडी लहान होते. साधारण ५१५ नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश, म्हणजे जांभळा, निळा आणि हिरव्याचा काही भाग, ही पूड वापरू शकते. हे डोळ्यांनाही कळते. पूड जांभळा-निळा प्रकाश गिळते आणि उरलेला परत पाठवते, म्हणून ती पिवळी दिसते. पांढरी पूड दिसणारा सगळाच प्रकाश परत पाठवते.

पण इथेही नीट ऐकायला हवे. ‘दृश्य प्रकाशावर चालते’ याचा अर्थ सगळ्या दृश्य प्रकाशावर चालते असा नाही. पिवळा, नारिंगी, तांबडा प्रकाश तिला चालत नाही.

संशोधन कुठवर आले?

टोकियो युनिव्हर्सिटी ऑफ सायन्समधले अकिहिको कुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवले की एकाच पदार्थाचे वेगवेगळे स्फटिकरूप वेगवेगळे काम करते. बिस्मथ व्हॅनेडेटची मुख्य तीन स्फटिकरूपे आहेत. त्यातले मोनोक्लिनिक शीलाइट हे रूप प्रकाशात पाण्यातून ऑक्सिजन काढायला सर्वांत चांगले ठरले. अणू तेच, प्रमाणही तेच, फक्त मांडणी वेगळी.

या पदार्थाच्या मर्यादाही संशोधकांनी लवकरच मोजल्या. पहिली अशी की वर गेलेला इलेक्ट्रॉन बऱ्याचदा काम न करताच परत खाली पडतो. कणाच्या आत पोकळी सुमारे ७० नॅनोमीटर एवढेच अंतर चालू शकते. तेवढ्यात ती पृष्ठभागावर पोचली नाही तर मेहनत फुकट. म्हणून कण बारीक आणि सच्छिद्र ठेवावे लागतात. मॉलिब्डेनम किंवा टंगस्टनचे अणू थोड्या प्रमाणात मिसळूनही सुधारणा होते. दुसरी मर्यादा अशी की वरची पायरी पुरेशी उंच नाही. पाण्यातून हायड्रोजन सोडवायला इलेक्ट्रॉनला जो जोर लागतो, तो इथे थोडा कमी पडतो. म्हणून एकट्या बिस्मथ व्हॅनेडेटने पाण्यातून हायड्रोजन निघत नाही. त्याला बाहेरून थोडी वीज द्यावी लागते किंवा दुसऱ्या पदार्थाची जोडी लावावी लागते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात २०१४ साली सच्छिद्र बिस्मथ व्हॅनेडेटवर लोह आणि निकेलच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे दोन थर देऊन त्याची कामगिरी बरीच वाढवल्याचे प्रसिद्ध झाले. या पदार्थाची सूर्यऊर्जेतून हायड्रोजन बनवण्याची कागदावरची कमाल मर्यादा सुमारे नऊ टक्के मानली जाते. प्रत्यक्षात तिथवर पोचणे अवघड आहे.

आपल्या जवळचे उदाहरणही आहे. पुण्यातील सी-मेट या केंद्र सरकारच्या संस्थेत बी. बी. काळे यांच्या गटाने दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या उत्प्रेरकांवर दीर्घकाळ काम केले आहे. २००६ साली त्यांनी कोरियातील संशोधकांसोबत कॅडमियम, इंडियम आणि गंधक यांच्या संयुगाची झेंडूच्या फुलासारखी सूक्ष्म रचना प्रसिद्ध केली. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूतून प्रकाशाने हायड्रोजन मिळवणे हा तिचा उद्देश होता. पण कॅडमियम विषारी आहे. पाण्याशी संबंध येणार असेल तर कॅडमियमपेक्षा बिस्मथकडे कल का झुकतो, हे यातून समजते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही प्रकाश पडल्यावर काम करणारे पातळ थर बनवण्याची मोठी परंपरा आहे.

म्हणजे डिंगोऱ्याचा मुलगा किंवा मुलगी या क्षेत्रात जायचे म्हणाली तर तिला टोकियो गाठण्याची गरज नाही. हे काम पुण्यात होते, कोल्हापुरात होते, आणि त्याला अब्जावधींचे यंत्र लागतेच असे नाही. बिस्मथ नायट्रेट आणि अमोनियम मेटाव्हॅनेडेट आम्लात विरघळवतात, पीएच जुळवतात, बंद पोलादी भांड्यात काही तास तापवतात, धुतात, वाळवतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पात हे होऊ शकते. मात्र घरी कोणी करू नये. व्हॅनेडियमचे क्षार विषारी असतात.

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले का?

या विषयातील बरेच प्रयोग रंगावर होतात. मिथिलीन ब्लू किंवा रोडामाइन बी हा रंग पाण्यात टाकायचा, पूड टाकायची, दिवा लावायचा आणि रंग फिका होताना मोजायचा. आपल्या राज्यात याला अर्थ आहे. इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योगाचे सांडपाणी आणि पंचगंगेचे प्रदूषण हा वर्षानुवर्षांचा प्रश्न आहे.

पण प्रयोग वाचताना चार गोष्टी बघाव्यात. एक, पूड रंग नुसता शोषून तर घेत नाही ना? म्हणून दिवा लावण्याआधी साधारण अर्धा तास मिश्रण अंधारात ढवळून ठेवतात. दोन, पुडीशिवाय नुसत्या उजेडात रंग किती गेला? काही रंग उन्हात आपोआपच उडतात, हे वाळत घातलेले कपडे आपल्याला रोज सांगतात. तीन, दिवा कोणता होता? त्यात अतिनील मिसळलेला असेल तर ‘दृश्य प्रकाश’ हा दावा टिकत नाही. चार आणि सर्वांत महत्त्वाचे, रंग गेल्यावर काय उरले? रेणूचा रंग देणारा भाग तुटला की पाणी नितळ दिसते, पण उरलेले तुकडे पाण्यातच असतात. कधी ते मूळ पदार्थाइतकेच घातक असू शकतात. म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला, हे मोजावे लागते. नितळ दिसणे आणि शुद्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या गावात याचा उपयोग किती?

आता जुन्नर तालुक्याकडे येऊ. डिंगोऱ्याच्या पुढे माळशेज घाटाकडे पाऊस दणकून पडतो. कावीळ, जुलाब यांची भीती सर्वाधिक असते ती पावसाळ्यात. नेमक्या त्याच दिवसांत आभाळ झाकलेले असते आणि पाणी गढूळ असते. प्रकाशावर चालणाऱ्या उपायाला ऊन लागते आणि पाणी पारदर्शक लागते. म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हा हा उपाय सर्वांत दुबळा. हे लक्षात ठेवले तर अर्धी फसवणूक टळेल.

दुसरी गोष्ट. टीसीएल पावडर टाकल्यावर पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक राहतो आणि तो नळाच्या तोटीपर्यंत राखण करतो. ओटी चाचणीत पाणी पिवळे होते, ते या शिल्लक क्लोरीनमुळेच. तोटीवर किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन असावा, असा दंडक आहे. प्रकाश-उत्प्रेरकाने शुद्ध केलेल्या पाण्यात अशी राखण शिल्लक राहत नाही. फुटक्या पाइपातून गटाराचे पाणी शिरले तर ते पुन्हा दूषित होणार.

तिसरी गोष्ट. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, तालुक्यातली द्राक्षे यांच्यावर खते आणि औषधे पडतात. कीटकनाशकांचे रेणू मोडण्याची क्षमता प्रकाश-उत्प्रेरकात आहे, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. या दिशेने संशोधन व्हायलाच हवे. पण खतातून आलेले नायट्रेट, खडकातून आलेले फ्लोराइड आणि पाण्याचा जडपणा यांवर हा उपाय नाही. हे क्षार आहेत. पोकळीने इलेक्ट्रॉन ओढून ते नाहीसे होत नाहीत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. ते वाढले तर तान्ह्या बाळांना धोका होतो. कोणत्या विहिरीत ते किती आहे, हे फक्त तपासणी सांगते.

चौथी गोष्ट. पूड पाण्यात सोडली की ती गाळून परत काढावी लागते. बारीक कण साध्या फडक्यातून निघत नाहीत. म्हणून ती काचेवर किंवा जाळीवर घट्ट बसवतात, पण मग पाण्याशी संपर्क कमी होतो आणि वेग घटतो. व्हॅनेडियम सुटून पाण्यात येतो का, याची चाचणी केल्याशिवाय असे पाणी प्यायला देणे योग्य नाही.

सूर्याचा साधा उपयोग मात्र आजही करता येतो. स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवली तर अतिनील किरण आणि उष्णता मिळून बरेच जंतू मरतात. ढगाळ हवेत दोन दिवस लागतात. रसायने यातूनही जात नाहीत. पावसाळ्यात मात्र उकळणे आणि टीसीएल यांना पर्याय नाही.

ग्रामसभेत आणि विक्रेत्यासमोर विचारायचे प्रश्न

वस्तीसाठी ‘सोलर नॅनो’ जलशुद्धीकरण यंत्र घ्यायचा प्रस्ताव आला तर हे प्रश्न लेखी विचारा.

१. आमच्या पाण्यात नेमके काय जास्त आहे, याचा तपासणी अहवाल कुठे आहे? तो पाहण्याआधी यंत्र का निवडले?

२. यंत्र कोणता पदार्थ काढते: जंतू, कीटकनाशक, नायट्रेट, की नुसता रंग आणि वास?

३. हा दावा कोणत्या स्वतंत्र प्रयोगशाळेने, कोणत्या पाण्यावर तपासला? दिवा वापरला होता की ऊन?

४. ढगाळ दिवशी आणि गढूळ पाण्यावर तासाला किती लिटर पाणी मिळेल?

५. शुद्ध केलेल्या पाण्यात उत्प्रेरकाचे धातू उतरतात का? पूड किंवा थर किती महिन्यांनी बदलायचा आणि जुन्याची विल्हेवाट कोण लावणार?

६. यंत्र बंद पडले तर त्या दिवशी वस्तीला पाणी कुठून?

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण आणि संच देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण आहेत, त्यात आपल्या वस्तीतली एक तरी आहे का, हे विचारा. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या जागांच्या सर्वेक्षणानंतर लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या पंचायतीचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे आणि का, हे विचारणे हा तुमचा हक्क आहे.

जुन्नरच्या लेण्यांत एक लहानसा शिलालेख आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान दिल्याची नोंद त्यात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला या डोंगरात पाण्याची सोय करावीशी वाटली. आज टाकी खोदणे पुरत नाही. टाकीतल्या पाण्यात काय आहे, हे सांगता येणारी माणसे लागतात.

विज्ञान शाखेत शिकणाऱ्यांना म्हणून एक सुचवते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. आपल्या गावातल्या चार पाणवठ्यांचे पाणी उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तपासून त्याचा तक्ता तिथे मांडा. पुढे एम.एस्सी., पीएच.डी. करायची असेल तर बार्टीच्या संशोधन अधिछात्रवृत्तीची माहिती आतापासून घेऊन ठेवा. आणि त्या तक्त्याची एक प्रत ग्रामपंचायतीकडे देऊन पोच घ्यायला विसरू नका.